कोईचं तळं आणि फिल्टरचा हिशेब

बंगल्यामागे किंवा फार्महाउसवर मोठं तळं बांधून त्यात रंगीत कोई मासे सोडण्याची हौस आता पुणे-नाशिककडे नवी राहिलेली नाही. खड्डा खणला जातो, काँक्रीट पडतं, कडेला दगड बसतात, एखादा छोटा धबधबाही होतो आणि पाणी भरायची वेळ आली की कुणाला तरी फिल्टरची आठवण होते. दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: तळं किती लिटरचं? आकडा सांगितला की विक्रेता एका खोक्याकडे बोट दाखवतो. त्या खोक्यावरही लिटरच छापलेले असतात. दोन आकडे जुळले की व्यवहार पुरा.

आता असं पाहा. चौतीस हजार लिटरच्या तळ्यात दोन कोई असले तर फिल्टर नसला तरी निभावेल. त्याच तळ्यात साठ मोठे कोई असले तर खोक्यातला तो फिल्टर आठवड्याभरात हात टेकेल. पाणी दोन्हीकडे तेवढंच आहे. फरक आहे तो रोज तळ्यात पडणाऱ्या खाद्याचा. जे आत जातं तेच वेगळ्या रूपात बाहेर येतं आणि फिल्टरला निस्तरावं लागतं ते एवढंच. युरोपातले काही उत्पादक निदान प्रामाणिकपणे तीन आकडे देतात: मासे नसलेलं तळं, मासे असलेलं तळं आणि कोई असलेलं तळं. बहुधा दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा असतो आणि तिसरा चौथाई. जाहिरातीत मोठ्या अक्षरात कुठला छापतात, हे सांगायला नको.

कोईसाठी आकडा एवढा खाली का येतो? कोई हा मुळात कार्प. आपल्याकडे शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला सायप्रिनस सोडतात, त्याच्याच गोतावळ्यातला. जपानमधल्या निईगाता परिसरातल्या डोंगरी गावांत खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून रंगीत मासे वेचत वेचत ही जात घडवली गेली आणि १९१४ च्या टोकियोमधल्या प्रदर्शनानंतर ती सर्वदूर माहीत झाली. दुकानातल्या पिशवीत तो बोटाएवढा दिसतो. चांगल्या तळ्यात काही वर्षांत दीड-दोन फुटांचा होतो, वजन दोन किलोच्या पुढे जातं. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. पहिल्या वर्षी ऐसपैस वाटलेला फिल्टर तिसऱ्या वर्षी अपुरा पडतो, त्यामागे बिघाड नसतो, ही आठपट असते.

शेततळ्याला फिल्टर लागत नाही, मग बंगल्यातल्या तळ्यालाच का, असा प्रश्न शेतकरी हमखास विचारतो आणि तो रास्त आहे. शेततळं मोठं असतं, त्यात माशांची दाटी कमी असते, आणि मुख्य म्हणजे त्याचं पाणी हिरवं असतं. ते हिरवेपण म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. माशांनी टाकलेला अमोनिया तेच खाऊन टाकतं. कोई पाळणाऱ्याला हिरवं पाणी चालत नाही. हा मासा वरून पाठीवरचे रंग दिसावेत म्हणूनच घडवलेला आहे. पाणी नितळ हवं तर शेवाळ घालवावं लागतं, आणि शेवाळ घालवलं की त्याचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावं लागतं. ते दुसरं कुणी म्हणजे फिल्टर.

हिशेब मांडायला एक तळं घेऊ. २० फूट लांब, १२ फूट रुंद, ५ फूट खोल. १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४,००० लिटर. त्यात सरासरी दोन किलोचे २० कोई, एकूण ४० किलो वजन. उबदार पाण्यात वजनाच्या एक टक्का, म्हणजे रोज ४०० ग्रॅम खाद्य. खाद्याच्या पाकिटावर ४० टक्के प्रथिनं लिहिलेली असतील तर १६० ग्रॅम प्रथिनं माशांच्या पोटात जातात. मत्स्यपालनातला रूढ ठोकताळा असा, की प्रथिनांच्या वजनाच्या साधारण नऊ टक्के इतका नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरतो. बराचसा विष्ठेतून नव्हे, कल्ल्यांतून. आपल्या तळ्यात तो रोज जवळजवळ १५ ग्रॅम होतो. फिल्टर निवडायचा तो या १५ ग्रॅमसाठी.

पंधरा ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात. ३४,००० लिटरमध्ये ते रोज लिटरमागे ०.४४ मिलिग्रॅम भर घालतात. अमोनियाची दोन रूपं असतात, एक बरंचसं निरुपद्रवी आणि दुसरं कल्ले जाळणारं. कुठलं किती, हे पाण्याचा पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर विषारी भाग एक टक्काही नसतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यासारखं ३० अंशांचं पाणी, त्यात नव्या सिमेंटमुळे चढलेला ८.५ पीएच असेल तर पाचवा हिस्सा विषारी होतो. म्हणजे फिल्टर नसेल तर पहिल्याच दिवसअखेर लिटरमागे ०.०९ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ०.०५ च्या पुढे गेलं की कल्ल्यांना इजा व्हायला लागते असं मानतात. पाणी मात्र तेव्हाही काचेसारखं नितळ दिसत असतं. डोळ्यांनी पाणी तपासणाऱ्याचा घात होतो तो इथे.

हा अमोनिया संपवतात जिवाणू. एका जातीचे त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले आणि पुढे शंभरावर वर्षं 'दोन पायऱ्या, दोन कामगार' असंच शिकवलं गेलं. २०१५ मध्ये नायट्रोस्पिरा कुळातला दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारा जिवाणू सापडला. नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या गटाला तो मिळाला तो माशांच्या संगोपनकेंद्रातल्या फिल्टरमध्ये. ज्या बुळबुळीत थराला नवखा माणूस घाण समजून पाइपने धुऊन टाकतो, त्या थराने पाठ्यपुस्तक बदलायला लावलं.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, कुठल्या तरी पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून जैविक फिल्टरची ताकद लिटरमध्ये मोजत नाहीत, चौरस मीटरमध्ये मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठभागावरचा थर दिवसाला पाव ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवतो, असं सावधपणे धरलं तर १५ ग्रॅमला ६० चौरस मीटर लागतात. एका तळ्यापुरती एवढी जागा आणायची कुठून? इथे उपयोगी पडतात ती प्लॅस्टिकची, आत आडवे-उभे पडदे असलेली नाण्याएवढी चाकं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत शहरी सांडपाण्यासाठी ही पद्धत विकसित झाली. फिरत्या माध्यमाची म्हणून ती एमबीबीआर नावाने ओळखली जाते. मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात, म्हणजे एसटीपीमध्ये, डोकावून पाहिलंत तर बहुधा हीच चाकं हवेच्या बुडबुड्यांवर घुसळताना दिसतील. 'कोई फिल्टर मीडिया' म्हणून छोट्या पिशवीत महाग मिळणारी वस्तू एसटीपीचं सामान विकणाऱ्याकडे पोत्याच्या भावात मिळते.

चांगल्या प्रतीच्या चाकांचा एक घनमीटर म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटर संरक्षित पृष्ठभाग. काही विक्रेते आठशे-हजार सांगतात, पण त्यात चाकाची बाहेरची बाजूही मोजलेली असते. चाकं एकमेकांवर घासत असल्यामुळे तिथे थर टिकतच नाही. आतला पृष्ठभागच धरावा. ६० चौरस मीटरसाठी १२० लिटर चाकं पुरतात. पाहुण्यांची मुलं खाद्य उधळतात, मासे वाढतात, थंडीत जिवाणू मंदावतात, म्हणून त्याच्या दुप्पट, २५० लिटर घ्यावीत. चाकांना फिरायला मोकळी जागा हवी, टाकी साठ टक्क्यांच्या वर भरायची नाही. गच्चीवर असते तशी ५०० लिटरची प्लॅस्टिकची टाकी आणि खालून हवा सोडणारा पंप, एवढ्यात ४० किलो कोईंचं जैविक काम भागतं. हजारो रुपयांच्या चकचकीत डब्यात आत किती चौरस मीटर आहेत, हे विक्रेत्याला विचारून पाहा. बहुतेकांना उत्तर येत नाही.

जुन्या पद्धतीने खडी, विटांचे तुकडे, लाव्हा खडकही वापरतात. चालतात, पण त्यांना एका घनमीटरला या चाकांच्या मानाने बराच कमी पृष्ठभाग मिळतो, आणि खडीच्या फटींत गाळ बसला की तोही मिटतो. मग एके दिवशी टनभर खडी उपसून धुवायची. एकदा हे काम केलेला माणूस दुसऱ्यांदा खडी वापरत नाही.

जिवाणूंना अमोनियाखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात आणि त्या कुठल्याही खोक्यावर लिहिलेल्या नसतात. पहिली प्राणवायू. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला साडेचार ग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू खर्च होतो. आपल्या तळ्यात रोज सत्तर ग्रॅमच्या घरात, आणि माशांना लागतो तो वेगळाच, याच्या दुपटीच्या आसपास. २० अंशांना लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे माशांची भूक आणि जिवाणूंचा वेग उन्हाळ्यात वाढतो नेमकं तेव्हाच पाण्यातला साठा घटतो. इंग्लंड-जर्मनीतल्या पुस्तकांतले तक्ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत याचं हे एक कारण. दुसरं कारण असं, की तिथे पाणी दहा अंशांखाली गेलं की मासे खायचेच थांबतात आणि फिल्टरला काही महिने सुट्टी मिळते. आपला फिल्टर बारा महिने कामावर असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याची क्षारता, बायकार्बोनेटचा साठा. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे जिवाणू सात ग्रॅमहून जास्त क्षारता खर्च करतात. आपल्या तळ्यात ती रोज लिटरमागे तीन मिलिग्रॅमने उतरते. देशावरच्या बेसाल्टातल्या बोअरचं पाणी जड असतं, त्यात दोनशेच्या वर क्षारता सहज सापडते; आठवड्याला थोडं पाणी बदललं तरी निभावतं. कोकणातल्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल. त्यात तीसच मिलिग्रॅम क्षारता असेल तर दहा दिवसांत ती संपते. मग एका रात्रीत पीएच कोसळतो, जिवाणू काम थांबवतात, मासे तळाशी कल्ले फडफडवत बसतात, आणि मालक फिल्टरच्या कंपनीला शिव्या घालतो.

कोकणातल्या पावसाचा हिशेब तर वेगळाच करायला हवा. तळ्याचा पृष्ठभाग २४० चौरस फूट, म्हणजे सुमारे २२ चौरस मीटर. हंगामात ३,००० मिलिमीटर पाऊस पडला तर नुसतं आभाळातून ६७,००० लिटर क्षारहीन पाणी तळ्यात उतरतं, तळ्याच्या दुप्पट. फिल्टरच्या एका कप्प्यात जाळीच्या पिशवीत शिंपले भरून ठेवायचे, एवढा साधा उपाय तिथे आहे आणि शिंपल्यांना कोकणात तोटा नाही. ते हळूहळू विरघळतात. घाईच्या वेळी खाण्याचा सोडा. पाणी गढूळ झालं म्हणून तुरटी फिरवायचा मोह मात्र आवरावा, ती आहे ती क्षारताही खाऊन टाकते.

आतापर्यंत झालं ते जैविक फिल्टरचं. त्याच्या आधी गाळ काढायला हवा, आणि माझ्या मते पैसे मोजायचे तर ते इथे. खाद्याच्या कोरड्या वजनाचा साधारण पाव हिस्सा विष्ठा म्हणून घन रूपात बाहेर पडतो. ताजा असताना तो पाण्यातून उचलून काढला तर प्रश्नच मिटला. तसाच राहिला तर कुजतो, विरघळतो, आणखी अमोनिया सोडतो, प्राणवायू खातो आणि जिवाणूंच्या थरावर बसून त्यांना गुदमरवतो. गाळ फिल्टरमध्ये साठवून ठेवणं म्हणजे तो तळ्यातच असण्यासारखं आहे, फक्त दिसत नाही इतकंच.

म्हणून तळाला मध्याकडे उतार आणि मध्यभागी चार इंची बॉटम ड्रेन हवा. हा निर्णय काँक्रीट पडण्याआधीच घ्यावा लागतो, नंतर तो घेता येत नाही. चार इंची पाइपमधून गुरुत्वाने तासाला साधारण दहा हजार लिटर पाणी सुखाने वाहतं. तळ्याचं सगळं पाणी दोन तासांतून एकदा फिल्टरमधून फिरावं असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणजे आपल्याला तासाला १७,००० लिटर आणि दोन ड्रेन. वाटेत काटकोनी एल्बो टाळून दोन पंचेचाळीसचे बेंड घालायला प्लंबरला सांगावं. तो कुरकुर करेल, पण गाळ अडतो तो काटकोनातच. पृष्ठभागावर तरंगता कचरा ओढून घेणारा एक स्किमरही हवा. माघ-फाल्गुनातल्या पानगळीत आंब्या-शिरिषाची पानं तळाशी बसली की चहासारखं पाणी होतं.

ड्रेनमधून आलेला गाळ अडवायचे मार्ग अनेक. सर्वांत स्वस्त म्हणजे मोठ्या गोल टाकीत पाणी संथ करून जड कण बसू देणं. बारीक कण मात्र पुढे निसटतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे दोनशे-तीनशे मायक्रॉनची वक्र स्टीलची चाळण. तिच्यावरून पाणी गळून जातं आणि कचरा वर सुटा राहतो, रोज एकदा ब्रश मारला की झालं. ज्यांच्या खिशाला परवडतं त्यांच्यासाठी ड्रम फिल्टर: साठ-सत्तर मायक्रॉनच्या जाळीचं पिंप, जाळी तुंबली की आपोआप फिरतं, फवाऱ्याने धुतलं जातं आणि घाण पाणी बाहेर टाकतं. बंगल्यावर फक्त शनिवार-रविवारी जाणाऱ्यांनी इतर कशाआधी ड्रमचाच विचार करावा. चाळण सोमवारी तुंबली तर शनिवारपर्यंत कोण बघणार?

एक गोष्ट मात्र निक्षून टाळावी, आणि नेमकी तीच आपल्याकडे सर्रास दिसते: स्विमिंग पूलचा सँड फिल्टर. कंत्राटदार पूल बांधणारा असतो, त्याला तोच माहीत असतो. पोहण्याच्या तलावात क्लोरीन असतो आणि विष्ठा नसते. माशांच्या तळ्यात नेमकं उलटं. बारीक वाळूच्या कणांना जिवाणूंचा चिकट थर धरतो, वाळूचे गठ्ठे होतात, पाणी त्यातून वाट काढून न गाळताच पुढे जातं. शिवाय वाळूतून पाणी रेटायला दाबाचा पंप लागतो, आणि त्याचं वीजबिल वर्षानुवर्षं भरावं लागतं.

पंपाचा हिशेब बहुतेक जण शेवटी करतात. तो आधी करायला हवा. तासाला १७,००० लिटर पाणी वाटेतल्या घर्षणासकट तीन मीटर चढवायचं तर अर्ध्या हॉर्सपॉवरच्या आसपास वीज सतत लागते. दिवसाला नऊ युनिट, महिन्याला २७० च्या घरात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे हे युनिट बिलाच्या वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. तेच पाणी एकच मीटर चढवायचं असेल तर तिसऱ्या हिश्शात भागतं. म्हणून फिल्टरच्या टाक्या तळ्याशेजारी जमिनीत, तळ्याच्या पातळीलाच बसवाव्यात. गाळ गुरुत्वाने आत येऊ द्यावा आणि पंप सगळ्यात शेवटी, स्वच्छ पाण्यावर लावावा. पंपाच्या पात्यांतून विष्ठेचं सरबत होत नाही, हा आणखी फायदा. अशा खड्ड्याला पावसाळ्यात निचरा मात्र हवा. भोवती भूजल भरलं आणि आपण धुण्यासाठी फायबरची टाकी रिकामी केली तर ती टाकी पाइप उखडून वर येते.

पंपावर छापलेला प्रवाह शून्य उंचीवरचा असतो. परतीच्या पाइपखाली मोठं पिंप धरून घड्याळ लावलं की खरा आकडा कळतो. तो छापलेल्याच्या निम्मा निघाला तरी नवल वाटू देऊ नये.

युव्ही दिव्याबद्दल थोडक्यात. तो हिरवं पाणी नितळ करतो, तरंगतं शेवाळ मारून; अमोनियाला तो स्पर्शही करत नाही. भिंतीवरच्या लांब केसाळ शेवाळावरही त्याचा परिणाम नाही. वर्षभर अखंड जळल्यावर दिवा पेटलेला दिसतो, पण कामाचे किरण क्षीण झालेले असतात, म्हणून नळी दर वर्षी बदलायची. फिल्टरऐवजी युव्ही घेणारे पुष्कळ आहेत, कारण त्याचा परिणाम आठवड्यात डोळ्यांना दिसतो.

वनस्पतींचा मार्ग मला स्वतःला फार आवडतो. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करून थांबतात. ते नायट्रेट साठत जातं. आपल्या तळ्यात ते आठवड्याला लिटरमागे १३-१४ मिलिग्रॅम वाढतं. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर ते सव्वाशेच्या पुढे जाऊन स्थिरावतं, वीस टक्के बदललं तर सत्तरच्या आत राहतं. ते काढलेलं पाणी बागेला खत म्हणून उत्तम. पाण्याचं दुर्भिक्ष असेल तर शेजारी खडीचा उथळ वाफा करून त्यातून पाणी फिरवावं आणि त्यात कर्दळ, वाळा, वेखंड लावावं. ही झाडं पाण्यात मुळं सोडून नायट्रेट ओढतात आणि वर्षभर वाढतात. ती तळ्यातच लावली तर कोई मुळं उकरून खातात, म्हणून वाफा वेगळा. जलपर्णी याहून जोमाने काम करते, पण ती आणू नये. पवनेच्या काठी राहणाऱ्यांना त्याचं कारण विचारावं.

वीज जाण्याची तयारी हा आपल्याकडे फिल्टरचाच भाग धरायला हवा. पाणी थांबलं की फिल्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो. बंद डब्याच्या दाबाच्या फिल्टरमध्ये हे सर्वांत लवकर घडतं. आतलं पाणी सडतं, आणि वीज आल्यावर तेच थेट माशांच्या अंगावर येतं. तिथे आधी ते पाणी बाहेर सोडून मगच फिल्टर तळ्याला जोडावा. उघड्या टाकीत चाकं आणि बुडबुडे असतील तर फक्त हवेचा पंप चालू राहिला तरी पुरतं. साठ वॉटचा हवापंप घरातल्या साध्या १५० अँपिअर-अवर बॅटरीच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. पाण्याच्या पंपासाठी जनरेटर घेण्याआधी हा विचार करावा. मासेही पहाटे प्राणवायूअभावीच मरतात, पाणी फिरायचं थांबलं म्हणून नव्हे.

सगळं बसवून झालं तरी फिल्टर पहिल्या दिवशी रिकामा असतो. आधी सिमेंटच्या नव्या तळ्यात पाणी भरून, मुरवून, सोडून द्यायचं, पीएच खाली येईपर्यंत पुन्हा पुन्हा. किंवा आतून इपॉक्सीचा लेप द्यायचा. मग चार-सहा मासे, चिमूटभर खाद्य. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत अमोनिया चढतो आणि उतरतो, त्यानंतर नायट्राइट. नायट्राइटने माशांचं रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहीनासा होतो. लिटरमागे एक ग्रॅम खडे मीठ त्याला बऱ्यापैकी आवर घालतं. आपल्या हवेत चार ते सहा आठवड्यांत थर बसतो. बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा निरोगी, चालत्या तळ्यातली दोन बादल्या चाकं जास्त उपयोगी. मात्र ते तळं निरोगी आहे याची खात्री हवी, कारण कोईंचा नागीण-विषाणू याच वाटेने येतो. या काळात आणि पुढेही फिल्टर नळाच्या पाण्याने धुवायचा नाही. महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो. तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन त्यात चाकं खळबळावीत, आणि तळ्यात नळाचं पाणी सोडताना आधी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारावा.

तपासणीला थेंब टाकून रंग पाहायचा साधा संच पुरतो: अमोनिया, नायट्राइट, पीएच, क्षारता. मापन खाद्य दिल्यावर दोन-तीन तासांनी करावं, सकाळी उपाशी पोटी केलेलं मापन नेहमीच दिलासा देतं. रंग चढलेला दिसला तर त्या दिवसापासून खाद्य निम्म्यावर आणावं. आणि दर वर्षी पावसाच्या आधी एकदा रोजचं खाद्य तराजूवर तोलून पाहावं. ४०० ग्रॅमचे ६०० ग्रॅम झाले असतील तर चाकंही त्याच प्रमाणात वाढवावीत, नाहीतर चार-सहा मासे तळं असलेल्या दुसऱ्या कुणाला द्यावेत. नदीत किंवा गावतळ्यात मात्र सोडू नयेत. हा कार्प तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि तिथल्या माशांचं खाद्य पळवतो.